प्रवाळाच्या भिंती आणि सिमेंटचा गिलावा

उमऱ्याला किंवा नोकरीला जाणारी आपली कितीतरी माणसं जेद्दाला उतरतात आणि विमानतळावरूनच पुढची गाडी धरतात. तांबड्या समुद्राकाठचं जुनं गाव, अल-बलद, पाहायचं राहूनच जातं. हे बरं नव्हे. खलिफा उस्मान यांनी इ.स. ६४७ मध्ये जेद्दा हे मक्केचं बंदर ठरवलं. मुंबईच्या यात्रेकरूंच्या आगबोटी इथेच लागत. ती जलवाट १९९५ साली बंद झाली.

बलदची घरं प्रवाळाच्या दगडाची. दगड समुद्रातला, सांधे भरायला खाडीतला चिखल, आणि भार सारखा वाटला जावा म्हणून भिंतीत ठराविक उंचीवर आडव्या लाकडी पट्ट्या. यातलं बरंचसं लाकूड हिंदुस्थानातून आणि जावा बेटावरून आलेलं.

हा दगड घावनासारखा जाळीदार असतो. घावन नारळाचं दूध पितं, तशी ही भिंत जमिनीतली खारी ओल पिते. गरम घावनावर घट्ट झाकण ठेवलं तर वाफ आतच अडकते आणि त्याचा लगदा होतो. चुन्याचा गिलावा म्हणजे पातळ फडकं, ओल बाहेर जाऊ देणारा. सिमेंटचा गिलावा म्हणजे ते घट्ट झाकण. ओल आत कोंडते, मीठ फुलतं, दगडाचा भुगा होतो. वरून भिंत गुळगुळीत दिसते, म्हणून घरमालक खूश!

पुन्हा सांगायला हवं: घर ओलीने पडत नाही, कोंडलेल्या ओलीने पडतं.

बलदमधलाच नासिफ घराण्याचा वाडा १८८१ मध्ये पुरा झाला. १९२५ साली जेद्दा ताब्यात आल्यावर सौदी अरेबियाचे संस्थापक अब्दुल अझीझ इब्न सौद याच वाड्यात उतरले. समोर कडुनिंब आहे. कित्येक वर्षं जुन्या गावातलं एकमेव झाड म्हणून तो ओळखला जाई. शेजारच्या गल्ल्यांत लाकडी जाळीचे सज्जे आहेत, त्यांना रोशन म्हणतात. आतल्याला वारा मिळतो, बाहेरच्याला आतलं दिसत नाही.

२०१४ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दुरुस्त्या जोरात चालू आहेत. २०१९ मध्ये सौदीने पर्यटकांनाही व्हिसा खुला केला, तेव्हा फक्त पाहायलाही जाता येतं. ऊन उतरल्यावर, पायी जावं.

आणि भिंतीला हात लावून पाहावा. कोकणातलं जुनं जांभ्याचं घरही असंच सच्छिद्र आहे, तेही ओल पितं. त्यालाही आज सर्रास सिमेंट थापलं जातं. तेव्हा यंदा पावसाळ्याआधी गवंडी दारात आला, तर सिमेंटची गोणी फोडण्याआधी त्याला विचारा, चुना मळता येतो का?