गावांची सोयरीक



आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यांच्या दारातल्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा परदेशाविषयी बोलणार आहोत ते प्रवासी म्हणून नव्हे, वाचक म्हणून. जर्मनी आणि फ्रान्स ह्या दोन देशांतल्या गावांनी एकमेकांशी सोयरीक जोडली. ती कशी आणि कशासाठी, एवढाच आजचा विषय.

ह्या दोन देशांचे वैर आपल्याकडच्या भाऊबंदकीइतके चिवट. 1870, 1914, 1939. सत्तर वर्षांत तीन युद्धे! पालघरच्या चौकात 14 ऑगस्ट 1942 च्या गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांचा स्तंभ आहे. तेथे उभे राहिले की मनात काय होते, ते आपण जाणता. फ्रान्समध्ये असे स्तंभ बहुतेक प्रत्येक खेड्याच्या चौकात आहेत, आणि त्यांवरची नावे जर्मनांशी लढताना मेलेल्यांची आहेत.

असे असता 1950 साली, युद्ध संपून पाचच वर्षे झाली असताना, फ्रान्समधल्या माँबेलियार आणि जर्मनीतल्या लुडविग्सबुर्ग ह्या शहरांनी हात मिळवले. माँबेलियारला लागून सोशो येथे प्यूजो मोटारींचा कारखाना आहे. युद्धकाळात जर्मनांनी तो आपल्या लष्करासाठी राबवला, आणि तिथल्या कामगारांनी जीव धोक्यात घालून यंत्रे निकामी केली. शहराचे महापौर ल्युसियाँ तारादँ हे तर बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेले. अशा माणसाने जर्मन शहराचा हात हाती घेतला. सारे विसरून नव्हे, सारे आठवत असताना घेतला.

आदेनाउअर आणि द गॉल ह्यांचा मैत्रीचा करार झाला 22 जानेवारी 1963 रोजी. म्हणजे गावे तेरा वर्षे आधी पोहोचली. सरकारे मागून आली. आज अशा जोड्या दोन हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांत लहान खेडीही आहेत. वेशीवरच्या पाटीवर जोडीच्या गावाचे नाव लिहितात. पाहुणे आले की चौकात बँड वाजतो, लांब बाके मांडून जेवणे होतात, भाषणे होतात. परंतु खरे काम चौकात होत नाही, ते रात्री होते. पाहुण्याला हॉटेलात न उतरवता आपल्या घरी न्यायचे, अशी तिथली रीत. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांचे नातू एका घरात झोपतात आणि सकाळी एका ताटातला पाव खातात. ज्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्याच्याविरुद्ध माणसाला चिथावणे पुढे अवघड जाते. साऱ्या खटाटोपाचे मर्म हेच.

आपल्याकडेही अशी नाती आहेत. मुंबईने 1968 साली लुडविग्सबुर्गच्या शेजारच्या श्टुटगार्टशी नाते जोडले. ते श्टुटगार्ट 1962 पासून फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गचेही सोयरे. त्याच श्टुटगार्टच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी टाटांनी 1954 साली करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधल्या. म्हणजे लोखंडाची सोयरीक आधीच झाली होती. पण मुंबईतल्या किती कामगारांना हे नाते ठाऊक आहे? ज्या सोयरिकीत एकमेकांच्या घरी जेवण नाही, ती दप्तरातच राहते.

मग मनोरने युरोपातले एखादे गाव शोधावे काय? आमचे म्हणणे तसे नाही. त्या गावांनी सोयरीक जोडली ती ज्याच्याशी भांडण होते त्याच्याशी. आपले भांडण कोणाशी आहे? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना उभे राहा. एकीकडे आपला वारली, कुणबी पोरगा. दुसरीकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला. ठेकेदार एकाला सांगतो, "हा कमी पैशांत राबतो, म्हणून तुला काम नाही." दुसऱ्याला सांगतो, "हे गाववाले तुला टिकू देणार नाहीत, तेव्हा मिळते ते घे." मजुरी दोघांचीही बुडते. दोघांत हे वैर आहे तोवर युनियन उभी राहत नाही, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव.

2020 च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे आपल्या ह्या महामार्गाने पायी गेले. हातावर पोट असलेल्यांनीही त्यांना पाणी दिले, भाकरी दिली. हे मोठेच झाले. परंतु ती माणसे कोणत्या गावची होती, हे आज आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

म्हणून आमची एकच सूचना आहे. येत्या 1 मे रोजी, कामगार दिनी, मनोरच्या चौकात एक पाटी लावावी. वसाहतीत राबणारे मजूर ज्या गावांहून आले, त्या गावांची नावे आणि इथून अंतर किती, एवढेच तीवर लिहावे. नावे विचारायला त्यांच्या खोल्यांवर जावे लागेल. त्या दिवशी प्रत्येक घराने एका परगावच्या कामगाराला जेवायला बोलवावे, आणि पुढच्या सणाला त्याच्या खोलीवर जाऊन जेवावे. खर्च एका पाटीचा आणि दोन भाकरींचा. ह्याला ना महापौर लागतो, ना करार. त्यानंतर ठेकेदार कानाशी लागेल तेव्हा दोघेही त्याला सांगू शकतील, "आमचे जाणे-येणे आहे. मजुरीचे काय ते दोघांसमोर बोला."