बाळाचें पहिलें पाऊल आणि मेंदूची वाटचाल

अंबरनाथच्या शिवेला लागून उल्हासनगरचा पांचवा कॅम्प आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं या परिसरांत लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची कोनशिला बसली. त्या नगरांत आज जीन्सच्या विजारी शिवण्याचा मोठा धंदा चालतो. कॅम्प ५ मधील एखाद्या लहानशा घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. खिडकीशीं आई शिवणयंत्रावर बसली आहे. पायाच्या दाबानें ती यंत्राची गति सांभाळते आणि दोन्ही हातांनीं जाड कापड सुईखालीं सरकविते. शेजारीं आठ वर्षांची मुलगी वहींत अक्षरें घोटीत आहे. आणि चटईवर चार महिन्यांचें बाळ हातपाय झाडीत पडलें आहे.

तिघांच्याहि शरीरांत हाडें तींच आणि स्नायूहि तेच. मग बाळाला अक्षर कां काढतां येत नाहीं, आणि मुलीला आईसारखी शिवण कां साधत नाहीं? स्नायूंचें बळ हें त्याचें अर्धेंच उत्तर होय. उरलेलें अर्धें मेंदूंत आहे.

नवजात बाळाच्या तळहातास बोट लावलें तर तें मूठ घट्ट मिटतें. त्याला उभें धरून तळवे टेकविले तर तें पावलेंहि टाकतें! आजीला यांत मोठें कौतुक वाटतें. परंतु या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत, म्हणजे मज्जारज्जु आणि मेंदूचा तळभाग यांनीं इच्छेवांचून चालविलेला व्यवहार. दोनेक महिन्यांत तीं पावलें दिसेनाशीं होतात. तें कौशल्य लोपलें असें पूर्वीं मानीत. १९८४ सालीं एस्थर थेलेन या अमेरिकन संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अशा बाळांचे पाय पाण्यांत सोडले, तों पावलें पुन्हां पडूं लागलीं! पायांवर मांस चढून ते जड झाले होते इतकेंच. पाण्यानें भार हलका होतांच जुनी चाल प्रकट झाली. हालचालीची वाढ मेंदू आणि देह या दोघांच्या संगतीनें होते, हा या प्रयोगाचा बोध आहे.

इच्छेनें होणाऱ्या हालचालींची आज्ञा मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील एका पट्ट्यांतून निघते. माँट्रियलचे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनीं एडविन बोल्ड्री यांच्यासह १९३७ सालीं या पट्ट्याचा नकाशा प्रसिद्ध केला. माथ्याकडे पाय, मध्यें हात आणि खालीं चेहरा व जीभ असा त्याचा क्रम आहे. बोटें व ओठ यांना त्यांत मोठा वांटा मिळाला आहे. २०२३ सालीं सेंट लुइस येथील ईव्हान गॉर्डन, निको डोसेनबाख आणि सहकारी यांनीं या नकाशांत एक महत्त्वाची भर घातली. पाय, हात व मुख यांच्या जागांच्या मधोमध असे कांहीं भाग त्यांना आढळले कीं, जे एखाद्या अवयवाचे नसून एकमेकांशीं आणि हेतु ठरविणाऱ्या मेंदूच्या जाळ्याशीं जोडलेले आहेत. सर्व देहाची कृति एका हेतूनें जुळविणें हें त्यांचें काम असावें. एका नवजात बालकाच्या मेंदूच्या प्रतिमांत ही रचना दिसली नाहीं; अकरा महिन्यांच्या बाळांत ती दिसली आणि नऊ वर्षांच्या मुलांत ती जवळजवळ प्रौढासारखी होती. तपासलेलीं मुलें थोडीं होतीं, तरी जो क्रम दिसला तो बोलका आहे.

आज्ञा वाहून नेणारे मज्जातंतू जन्मापूर्वींच मज्जारज्जूपर्यंत पोंचलेले असतात. तथापि त्यांवरील स्निग्ध वेष्टन अपुरें असतें, आणि त्या वेष्टनावांचून संदेश मंद गतीनें जातो. पहिल्या दोन वर्षांत हें काम झपाट्यानें होतें. त्याच काळांत आणखी एक घटना घडते. प्रौढ माणसांत मेंदूची डावी बाजू मुख्यत्वें उजव्या हातास चालविते व उजवी बाजू डाव्या हातास. बाळांत मात्र प्रत्येक बाजूचे तंतू दोन्ही हातांकडे जात असतात. त्यांची जणुं स्पर्धा लागते. जे वापरांत राहतात ते टिकतात, आणि बाकीचे बरेचसे मागें हटतात. म्हणून चटईवरील बाळाचें हातपाय झाडणें हा निव्वळ खेळ नव्हे. त्यायोगें मेंदूची घडण होत असते.

याच ठिकाणीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं लक्ष द्यावयास हवें. एखादें सहा-सात महिन्यांचें बाळ प्रत्येक वस्तु एकाच हातानें घेतें. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच असते. घरचे हंसून म्हणतात, "आमचा बाळ डावखुरा दिसतो!" वर्षाच्या आंत असा पक्का कल सहसा नसतो. तो दिसला तर दुसरा हात दुर्बळ तर नाहीं, हें वैद्याकडून पाहून घ्यावें. जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूस इजा झाली असेल तर वर सांगितलेल्या स्पर्धेंत ती बाजू हरत जाते, आणि दुर्बळ हात न वापरल्यानें अधिकच दुर्बळ होतो. उपचार व सराव लवकर सुरू झाला तर मेंदूच्या कोवळेपणाचा लाभ मिळतो. बालकांच्या अशा तपासणीसाठीं ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं सुरू झाला, तो पालघर येथें. पालघर त्या वेळीं ठाणे जिल्ह्यांतच होतें. त्याचीं पथकें अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. शेजारणीच्या सांत्वनापेक्षां ही तपासणी अधिक मोलाची आहे.

याच्या उलट, उगाच घाई व काळजीहि नको. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील निरोगी मुलांचें निरीक्षण करून २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्यानें चालण्याची मर्यादा ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत आढळली. शंभरांत चार मुलें तर हात व गुडघे टेकून रांगलींच नाहींत! जुना लांकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभें राहून ढकलीत असे. हल्लींच्या चाकांच्या बैठकींत तें नुसतें लटकतें. अशीं मुलें बसावयास व चालावयास कांहींशीं उशीराच शिकतात असें आढळलें आहे. अपघातांच्या भयानें कॅनडानें २००४ सालीं तिची विक्रीच बंद केली. मोकळी जमीन हाच बाळाचा उत्तम गुरु. एक ते दीड वर्षाच्या बाळांचें निरीक्षण करतां, तीं खेळतांना ताशीं सरासरी २३६८ पावलें टाकतात व १७ वेळां पडतात, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. प्रत्येक पडण्यांतून लहान मेंदू तोलाची चूक दुरुस्त करीत असतो.

आठ वर्षांची मुलगी चालण्यांत तरबेज असली तरी बोटांचें शिक्षण चालूच आहे. तिला एका हाताचीं बोटें क्रमानें अंगठ्यास टेकावयास सांगावें; दुसऱ्या हाताचीं बोटेंहि नकळत थोडीं हलतील. मेंदूच्या दोन बाजू जोडणारा तंतूंचा सेतु परिपक्व होतो, तसें एका बाजूस दुसरीला आवरतां येतें; दहाव्या वर्षाच्या सुमारास ही खूण सहसा मावळते. म्हणून अक्षर वेडेंवांकडें आलें कीं बोटांवर छडी मारणें हा अन्याय होय. जुन्या पंतोजींच्या धुळपाटीवर बोटानें मोठीं अक्षरें गिरवावीं लागत. त्या पद्धतींत तरी हाताला शिकण्यास अवकाश होता.

पुढें तारुण्यांतहि वेष्टनाचें काम थांबत नाहीं; मेंदूच्या पुढच्या भागांत तें विशीनंतरहि चालू राहतें. यंत्रावरील आईनें प्रथम सुई ओवली, तेव्हां तिला प्रत्येक टांक्याकडे लक्ष द्यावें लागलें असेल. आतां हातपाय आपोआप चालतात, आणि ती शिवतां शिवतां मुलीच्या वहीकडेहि पाहूं शकते. प्रयत्नानें केलेली कृति सरावानें मेंदूच्या खोल भागांच्या स्वाधीन होते, याचें हें रोजचें उदाहरण आहे.

तेव्हां त्या घरांत कोणीहि मागें पडलेलें नाहीं. एकाच वाटेचे ते तीन टप्पे आहेत. बाळाला मोकळी जमीन, मुलीला वेळ आणि एक हात मुठींतच ठेवणाऱ्या बाळाला वेळेवर तपासणी, इतकें घरानें द्यावें. उरलेलें काम मेंदू व देह मिळून करतील.