घरातील काटकसर : फायद्याची कोणती, तोट्याची कोणती?

(कळंब तालुक्यातील शेतकरी महिलांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काटकसर कशी करावी हे मी तुम्हाला शिकवायला आलेली नाही. मांजरा काठच्या बाईला ते शिकवावे लागत नाही. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांच्या लेकी-सुना आपण आहोत. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा एका घागरीत घर कसे चालवायचे हेही आपण पाहिले. वाचवणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. मला बोलायचे आहे ते वेगळेच. आपण जे वाचवतो, ते खरोखर वाचते का?

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. एका ठिकाणी वाचलेला रुपया दुसऱ्या ठिकाणाहून निघून जातो का, एवढेच पाहायचे. डब्यातला वाचला आणि दवाखान्यात गेला, किंवा दुकानात वाचला आणि शेतात बुडाला, तर ती काटकसर नव्हे. या कसोटीवर घरातल्या काही सवयी घासून पाहू.

फायद्याच्या सवयी

पहिली सवय धान्य वाळवण्याची. शाळूची ज्वारी कणगीत किंवा कोठीत भरण्यापूर्वी कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली धरला की कट्ट आवाज करून फुटला पाहिजे. नुसता दबला तर आणखी ऊन द्या. उन्हातून काढलेले धान्य गरम असताना भरू नका, सावलीत निवू द्या. ओल राहिली की कीड आणि बुरशी दोन्ही येतात. तूर, मूग, हरभरा यांना भुंगा लागतो. त्यांची लवकर डाळ करून घ्यावी. अख्खे ठेवायचे असेल तर किलोला एक लहान चमचा, म्हणजे सुमारे 5 मिली, खाद्यतेल सगळ्या दाण्यांना सारखे चोळावे. पैशाभराच्या तेलात पायलीभर डाळ वाचते.

दुसरी सवय जळणाची. डाळ अर्धा-पाऊण तास भिजत घातली की लवकर शिजते. भांड्यावर झाकण ठेवा. पाण्याला एकदा उकळी फुटली की जाळ कितीही वाढवा, उघड्या भांड्यातले पाणी आणखी तापत नाही, त्याची नुसती वाफ होते. म्हणून उकळी आली की आच कमी करावी. कुकरमध्ये वाफ कोंडते, आतले पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते, म्हणून वेळ आणि जळण दोन्ही वाचतात. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा मात्र घालू नका. त्याने ब जीवनसत्त्वाचा नाश होतो.

तिसरी सवय परसबागेची. भाज्या-तांदूळ धुतलेले आणि भांडी विसळलेले पाणी मोरीतून रस्त्यावर सोडण्यापेक्षा दोन वाफ्यांकडे वळवा. तांदुळजा, चुका, मेथी, एखादा शेवगा आणि एक कढीपत्ता एवढ्यावर आठवड्याच्या बाजारातला भाजीचा खर्च बराच कमी होतो. साबणाचे पाणी पालेभाजीला न देता केळीच्या बुडाशी सोडावे.

घरचे बियाणे : तपासून पेरले तर फायदा

आता शेतातल्या काटकसरीकडे येऊ. हा विषय पुरुषांचा आहे असे समजू नका, कारण बियाण्याचे पोते घरात असते आणि ते सांभाळते बाई. आपल्या भागात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. त्याचे वाण सरळ असतात, म्हणून प्रमाणित बियाण्यापासून आलेले घरचे बी पुढची दोन-तीन वर्षे वापरता येते. कपाशी किंवा मका यांच्या संकरित वाणांचे घरचे बी मात्र पेरू नये, पुढच्या पिढीत ते गुण टिकत नाहीत.

पण तपासल्याशिवाय पेरलेले घरचे बियाणे म्हणजे जुगार आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यात फार मोठ्या प्रमाणावर आल्या. ज्यांना दुबार पेरणी करावी लागली, त्यांचा बियाण्यासोबत वापसा आणि हंगामही गेला. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार नाजूक असते. बियाण्यासाठी मळणी करताना यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 पेक्षा जास्त नसावेत. पोते उंचावरून आदळू नये आणि थप्पी फार उंच लावू नये.

उगवण तपासणी मे महिन्यात घरच्या घरी होते. गोणपाट स्वच्छ धुऊन ओले करा. पोत्याच्या वरून, मधून आणि खालून बी घेऊन त्यातले न निवडता 100 दाणे मोजा. दहा-दहाच्या दहा ओळी गोणपाटावर मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा ते सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. 70 किंवा त्याहून जास्त आले तर एकरी 30 किलो बियाणे पुरे. 60 आले तर त्याच प्रमाणात वाढवून 35 किलो घ्या. 60 च्याही खाली गेले तर ते बियाणे म्हणून वापरू नका. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका.

एक धोक्याची सूचना. औषध लावलेले बियाणे उरले, तर धुऊन दळू नका, जनावरांना घालू नका, बाजारातही विकू नका. ते धुतल्याने खाण्याजोगे होत नाही.

तोट्याच्या सवयी

यावरून दुसरी एक सवय आठवते. कीटकनाशकाचा डबा मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, म्हणून तो घासून त्यात तेल किंवा पाणी ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. हे कधीही करू नका. फवारणी संपली की डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोके पाडा आणि पाण्यापासून दूर पुरा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या तर झोपायच्या घरात आणूच नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो, आणि त्या विषावर उतारा नाही.

बुरशी लागलेले शेंगदाणे टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून आपण ते भाजून कुटात घालतो. त्या बुरशीचे विष भाजण्याने किंवा शिजवण्याने पूर्णपणे जात नाही आणि ते यकृताला घातक आहे. मूठभर दाणे फेकणे स्वस्त पडते. तळणीचे तेल काळे पडले, दाट झाले, फेसाळू लागले की त्यात नवे तेल मिसळून पुन्हा तळू नये.

डब्यातला पैसा हाही असाच. नवऱ्याच्या नकळत डाळीच्या डब्यात ठेवलेला पैसा ही बाईची हक्काची शिल्लक असते, तिला मी नावे ठेवणार नाही. पण 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या आणि कितीतरी जणींना वर्षानुवर्षांची गुपित शिल्लक सगळ्या घरासमोर काढावी लागली. तीच शिल्लक बचत गटात किंवा स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात असती, तर तिच्यावर व्याज मिळाले असते आणि गरजेला कर्जही उभे राहिले असते. बँकेतील 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला 2020 पासून विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो विमा लागू नाही, हे जादा व्याजाच्या मोहात पडण्यापूर्वी ध्यानात ठेवा.

सर्वांत महाग पडणारी काटकसर

शेवटची सवय सांगताना मला माझ्या आईबद्दल बोलावे लागेल. 72 च्या दुष्काळात तिने सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची सवय लावून घेतली. दुष्काळ संपला, पण तिची सवय संपली नाही. भाजी संपली तर चटणी-भाकरी, भाकरी संपली तर चहा. आम्ही म्हणायचो, आई फार काटकसरी. एका पावसाळ्यात खुरपता खुरपता ती पाटात कोसळली. दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 6 च्या आत. रक्त चढवावे लागले, दोन शेळ्या विकल्या आणि ती पूर्ण हंगाम अंथरुणावर होती. तिने आयुष्यभर वाचवलेल्या भाकऱ्यांचा हिशोब मी मांडून पाहिला. तो त्या दोन शेळ्यांच्या जवळपासही पोहोचला नाही.

ही एकट्या माझ्या आईची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. उपाय महागाचा नाही. डाळ, बाजरी, शेवग्याचा पाला, करडईची कोवळी भाजी, भाजीवर लिंबू पिळायचे. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यायचा. शासकीय दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या घेऊन घरात पडू देऊ नका. आणि सर्वांनी एकत्र जेवायला बसायचे. मागे उभ्या असलेल्या भावांनो, हे काम तुमचे आहे. भाजी कमी असेल तर ती सगळ्यांच्याच ताटात कमी असू द्या.

भगिनींनो, घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. एका वहीत महिनाभराचा खर्च लिहा, त्यात दवाखाना आणि दुबार पेरणीही धरा, म्हणजे कोणती काटकसर खरी आणि कोणती खोटी हे वहीच सांगेल. आणि आज रात्री भाजी वाढताना पातेल्यातली एक वाटी आधी स्वतःसाठी बाजूला काढा. ती उधळपट्टी नव्हे. ज्या माणसावर घर आणि शेत दोन्ही चालते, त्याला जपणे हीच पहिली बचत आहे.