पेठेचा पुनर्विकास : लातूर व नांदेडचे धडे

(नगरपालिका व ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

लातूरच्या गंजगोलाईत प्रथमच आलेला पाहुणा एकदा तरी वाट चुकतो. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती वर्तुळाकार दुमजली इमारत आणि तिच्याकडे धावत येणारे सोळा रस्ते. कोणत्या रस्त्याने आलो, हेच त्याला उमगत नाही. गावकऱ्याला मात्र कधी विचारावे लागत नाही. सोन्याचांदीची दुकाने कोठे, पादत्राणे कोठे, मिरची-मसाला कोठे आणि गूळ कोठे, हे त्याच्या पायांनाच ठाऊक असते. नगररचनेची खरी परीक्षा येथेच होते. नकाशा कागदावर किती सुबक दिसतो याला फारसे महत्त्व नाही. रोजच्या वापराने तो माणसांच्या अंगवळणी पडतो की नाही, हे महत्त्वाचे.

गोलाईची आखणी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी केली आणि मधली इमारत १९१७ साली उभी राहिली. लातूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९११ साली बार्शी लाईट रेल्वेची अरुंद मापाची गाडी लातूरपर्यंत पोहोचली होती. रेल्वे आली की धान्य येते, धान्याबरोबर व्यापारी येतो आणि व्यापाऱ्यामागून हमाल, शिंपी, सोनार, खाणावळवाला येतो. या सर्वांना सामावून घेणारी जागा म्हणजे गोलाई होय.

मिश्र वापराचे मर्म

या रचनेचा विचार थोडा बारकाईने करावयास हवा. सोळा रस्ते समान अंतरावर आहेत असे धरले, तर दोन रस्त्यांमध्ये साडेबावीस अंशांचा कोन येतो. अर्थात दोन रस्त्यांमधील भूखंड गोलाईजवळ निमुळता आणि मागे रुंद होत जातो. दर्शनी जागा थोडी असल्याने दुकान अरुंद होते आणि मागील प्रशस्त जागेत वखार, अंगण व बिऱ्हाड यांना वाव मिळतो. मराठवाड्यातील जुन्या पेठांची रीतही अशीच आहे. खाली दुकान, वर संसार. दुकानदार जेवायला घरी जातो म्हणजे एक जिना चढतो. मुले शाळेतून येतात ती वडिलांच्या नजरेसमोर. रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या, तरी माडीवरचा दिवा जळत असतो आणि पेठेला वेगळा पहारेकरी लागत नाही.

आधुनिक नगररचनेने निवास, व्यापार आणि उद्योग यांचे वेगवेगळे विभाग पाडले. धूर ओकणारा कारखाना वस्तीपासून दूर असावा, हे रास्तच. परंतु तोच नियम शिंप्याच्या यंत्राला व किराणा दुकानाला सरसकट लावला, की घर आणि धंदा यांत काही मैलांचे अंतर पडते. ते अंतर तोडण्याचा रोजचा खर्च नेहमी गरिबाच्या खिशातून जातो.

गोलाईचे दोषही झाकण्याचे कारण नाही. बैलगाडीच्या काळात आखलेल्या चौकात आज मोटारी, रिक्षा, दुचाक्या आणि हातगाड्या एकाच वेळी शिरतात. खरेदीस आलेला आणि केवळ पलीकडे जाऊ पाहणारा, असे दोन्ही प्रवाह एकाच वर्तुळात मिसळतात. यावर सर्वात सोपा वाटणारा उपाय म्हणजे रस्ता रुंद करणे. पण बारा फूट खोलीच्या दुकानातून आठ फूट गेले, तर उरलेल्या चार फुटांत शिलाईचे यंत्र मावते, शिंपी मावत नाही. त्याआधी पलीकडे जाणाऱ्या वाहनांना बाहेरून वाट देणे, माल उतरविण्याच्या वेळा ठरविणे आणि आतील काही रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी राखणे, हे उपाय करून पाहण्याजोगे आहेत. त्यांत कोणाचीही भिंत पडत नाही.

गोलाई उभी राहत होती त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार हिंदुस्थानातील शहरे पायी हिंडून पाहत होते. पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रेषेत रस्ता कापण्यास त्यांचा विरोध असे. जेथे अत्यावश्यक असेल तेथेच थोडे काढावे, विहीर, झाड आणि देऊळ राखावे व मिळालेली मोकळी जागा वस्तीलाच परत द्यावी, असे त्यांचे सांगणे होते. निष्णात शल्यचिकित्सक नेमका रोगट भागच काढतो, तसेच हे.

नांदेडचा अनुभव

गोदाकाठच्या नांदेडचा प्रश्न निराळा होता. येथे १७०८ साली श्री गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला आणि गुरुपद श्री गुरू ग्रंथसाहिबाकडे सोपविले. महाराजा रणजितसिंगांच्या काळात तेथे तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू उभी राहिली. २००८ साली गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होणार होता आणि जगभरातून भाविक येणार होते. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडचा समावेश झाला. त्यातून गुरुद्वारा परिसर मोकळा करणे, रस्ते, घाट, पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि गरिबांसाठी घरे अशी कामे हाती घेण्यात आली.

यातील रस्त्यांचे काम अभ्यासण्याजोगे आहे. वास्तुविशारद प्रदीप सचदेव यांच्या कार्यालयाने केलेल्या आराखड्यात वाहनांच्या पट्ट्याबरोबरच पदपथ, सायकलमार्ग, झाडे आणि फेरीवाले यांचाही विचार होता. फेरीवाल्याला अडथळा न मानता रस्त्याचा एक हक्काचा घटक मानणे, ही त्या काळी लहान शहरासाठी नवी गोष्ट होती.

परंतु परिसर मोकळा करणे म्हणजे तेथील घरे व दुकाने हलविणे. भाविकाला मोकळी जागा हवी, यात शंका नाही. मात्र भाविकाच्या येण्यावरच ज्याची चूल पेटते, त्या लहान दुकानदाराला दूर नेले, तर घर मिळूनही त्याचे गिऱ्हाईक हरवते. घर हलविता येते. गिऱ्हाईक हलविता येत नाही. असा पुनर्विकास तपासताना म्हणूनच किती गाळे बांधले, एवढेच विचारून भागत नाही. किती धंदे टिकले, हेही विचारावे लागते.

मोबदला कोणाला?

खरा पेच येथे आहे. पेठेत जागेचा मालक एक, दुकान चालविणारा भाडेकरू दुसरा आणि ओट्यासमोर पाटी घेऊन बसणारी भाजीवाली तिसरी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाची व्याख्या व्यापक केली. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची मुख्य उपजीविका त्या जागेवर अवलंबून होती, अशी कुटुंबेही तिच्यात येतात. पण मालकाने रस्त्यासाठी जागा सोडून तिच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क घेतला, तर भाडेकरूचा हिशेब मागे पडण्याचा संभव असतो. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. ही समिती आराखड्यावर सही होण्यापूर्वी बसली तरच तिचा उपयोग.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरात आली, ते दिवस कोणी विसरलेले नाही. दुमजली पेठेच्या जागी पाच मजले चढविले, तर माणसे वाढतात, नळ वाढतात, सांडपाणी वाढते. म्हणून वाढीव चटई क्षेत्र मंजूर करण्याआधी वाढीव पाणी कोठून येणार, याचे लेखी उत्तर मागावयास हवे.

गावोगावचे काम

हा केवळ महानगरपालिकांचा प्रश्न आहे, असे समजू नये. आजची मोठी ग्रामपंचायत उद्याची नगरपंचायत असते आणि तिथल्या बाजारपेठेवरही हीच वेळ येते. पुनर्विकासाचा ठराव मांडण्यापूर्वी शाळेतील मुलांना बरोबर घेऊन शिक्षकांनी पेठेची साधी पाहणी करावी. खाली कोणते दुकान, वर कोण राहते, जागा कोणाची, भाडेकरू किती वर्षांचा, बाजाराच्या दिवशी कोण कोठे बसते, पाणी किती वेळ येते, रात्री कोठे अंधार असतो. एवढी माहिती एका वहीत मावते. विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा ही वही समोर ठेवता येईल. पाहणी आधी आणि आराखडा नंतर, हा क्रम मात्र उलटू देऊ नये.

शंभर वर्षांपूर्वी गोलाई आखणाऱ्याने सोळा दिशांनी येणाऱ्या माणसाला एका अंगणात आणले. आज तिची डागडुजी करताना त्यांतील एकाही वाटेवरचा माणूस बाहेर राहू नये, इतके पाहिले तरी पुष्कळ झाले.