पाणी, मीठ आणि साखर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘सजीवांतील पाणी’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. शिक्षक अपुरे होते म्हणून विज्ञानाचे तास माझ्या वाट्याला आले आणि रसायनशास्त्राशी गाठ पडली. तेव्हा समीकरणांनी फळा भरून टाकीन अशी भीती कोणी बाळगू नये.

मला आपणांस एकच प्रश्न विचारायचा आहे. लहान मुलाला जुलाब लागले म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी काय सांगतात? ‘पाणी देऊ नका, जितके द्याल तितके बाहेर पडेल, पोटाला जरा विश्रांती द्या.’ दादी-नानींचा हा सल्ला मायेपोटीच असतो. पण तो मुलाच्या जिवावर बेततो. का बेततो, हे समजून घ्यायचे तर पाण्याच्या एका रेणूपासून सुरुवात करावी लागेल.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक अणू असतो, हे सातवीचा विद्यार्थीही सांगेल. पण हे तीन अणू एका सरळ रेषेत नसतात. ऑक्सिजन मध्ये, आणि दोन्ही हायड्रोजन एका बाजूला झुकलेले, सुमारे 104.5 अंशांचा कोन करून बसलेले. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो. त्यामुळे रेणूच्या त्या टोकाला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन विद्युत्भार येतो. परिणामी एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला चिकटू पाहतो. ही पकड क्षणात सुटते आणि क्षणात पुन्हा जुळते. पण तिच्यावाचून आपण कोणीच येथे बसलो नसतो.

हे अतिशयोक्तीने बोलत नाही. प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून निघणारा, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू मोठ्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. तरीही तो शून्याखाली 60 अंशांवरच उकळतो, आणि हलके पाणी मात्र 100 अंशांपर्यंत तग धरते. त्या परस्परांच्या पकडीमुळेच पाणी आपल्या हवेत द्रवरूप राहते. पकड सोडवायला पुष्कळ उष्णता लागते, म्हणून माठातील पाणी उन्हाळ्यात गार होते आणि म्हणूनच घाम वाळताना अंग निवते.

आता मिठाकडे वळू. मिठाच्या खड्यात सोडियमचे धनभारित आणि क्लोरीनचे ऋणभारित कण घट्ट रचलेले असतात. खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू आपली ऋण टोके सोडियमकडे आणि धन टोके क्लोरीनकडे करून एकेक कण वेगळा काढतात व चोहोबाजूंनी वेढून टाकतात. यालाच आपण ‘मीठ विरघळले’ असे म्हणतो. साखरही पाण्याच्या रेणूंशी असेच हात मिळवून विरघळते. तेलाच्या रेणूला मात्र अशी टोके नसतात, म्हणून ते वेगळेच तरंगत राहते. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती जे पातळ आवरण आहे, ते अशाच तेलकट पदार्थाचे दुहेरी अस्तर होय. मिठाचे व साखरेचे कण या अस्तरातून सहजी पार होत नाहीत. त्यांना ठरावीक दारेच लागतात.

पाण्याचा आणखी एक स्वभाव आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात पातेल्यात पाणी सुटते. ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूला पाणी जाते. भगिनींनो, पुढचे सारे या कैरीच्या फोडीवर अवलंबून आहे.

प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पाणी असतो, तान्ह्या मुलात तो 75 टक्क्यांच्या आसपास. आपण जे पितो ते आणि शरीर स्वतः जे पाचकरस सोडते ते मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात उतरते. निरोगी माणसात ते जवळजवळ सगळे परत शोषले जाते. पटकीसारख्या रोगात जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आतड्याच्या पोकळीत ओतू लागतात आणि कैरीच्या नियमाने पाणी त्यांच्यामागून जाते. मुलाचे डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते, टाळू बसते, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू पूर्ववत होते. मूल दगावते ते बहुधा ह्या पाणी आणि क्षारांच्या तुटीने. आजही जगात दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले अतिसाराने मरतात.

मग नुसते पाणी पाजले तर? ते पुरत नाही, कारण गेलेले क्षार त्यात नसतात आणि त्याला आत ओढून नेणारेही काही नसते. नुसते मीठ-पाणी? या रोगात मिठाचे नेहमीचे एक दार बंद पडते. पण आतड्याच्या पेशींना दुसरे एक दार असते आणि ते विषाने बिघडत नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोज साखरेचा एक रेणू एकत्र आले तरच ते उघडते. दोघे आत गेले की पाणी त्यांच्यामागोमाग जाते. साखर आणि सोडियम असे जोडीने आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 साली प्राग येथे मांडली. त्याआधी, 1953 मध्ये, कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रोग्यांना तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन गुण आल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु त्याची घ्यावी तशी दखल कोणी घेतली नाही.

पुढे 1971 साल उजाडले. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि सीमेवरील बनगाव येथे पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. सुया टोचायला शिकलेली माणसे कमी, रोगी जमिनीवर पडलेले. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, ते मिश्रण पिंपांत कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. पूर्वी शंभरातले तीसच्या सुमारास मरत होते. ते प्रमाण 4 टक्क्यांच्याही खाली आले. 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीचा मान दिला. महालनबीस 2022 साली वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हयातीत मिळाले असते तर अधिक शोभले असते, असे मला वाटते.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 नंतरच्या दहा वर्षांत हे ज्ञान एक कोटीहून अधिक घरांत पोहोचवले. शिकवणाऱ्या बाया दारोदार जात आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी एवढेच शिकवत. त्यांचा मोबदला, त्या घरच्या आईच्या ध्यानात किती राहिले, हे पाहून ठरे. (आम्हा शिक्षकांचा पगार याच रीतीने ठरवला तर काय होईल, याचा विचार न केलेला बरा!)

आता मापाविषयी. येथे मात्र अंदाज उपयोगाचा नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी, म्हणजेच ओआरएस, सर्वांत उत्तम. मोठी पुडी सबंध एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावी. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नये. लहान पुड्याही मिळतात, म्हणून किती पाण्यात घालायची हे पुडीवर वाचूनच घ्यावे. जिथे आई वाचू शकत नसेल तिथे, विद्यार्थी मित्रहो, वाचण्याचे काम तुमचे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घ्यावे. सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग सारलेला. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाकून द्यावे. जास्त मीठ तान्ह्या जिवाला घातक असते. तयार पाणी 24 तासांनंतर वापरू नये.

‘साखर जास्त घातली तर ताकद येईल’ असे कित्येकांना वाटते. कैरीची फोड आठवा. आतड्यात साखर फार झाली तर ती शरीरातले पाणीच बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. बाटलीतली गोड पेये याच कारणाने चालत नाहीत. कागदी डब्यातील काही गोड पेये तर ‘ओआरएस’ हे नाव मिरवून विकली जात. 2025 च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाच्या अशा वापराला मनाई केली. औषधाच्या दुकानात नुसते नाव न पाहता जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावे.

हे पाणी चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये, जेवणही तोडू नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने 10 ते 14 दिवस द्याव्यात. जुलाबातून रक्त पडू लागले, मूल निपचित झाले, पिईनासे झाले, लघवी थांबली किंवा मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, तर घरगुती उपायात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. पण वाटेतही चमचा चालू ठेवावा.

सभागृहाबाहेर नववीच्या मुलींनी टेबलावर एक लिटरची खूण केलेले भांडे, चहाचा चमचा, मीठ व साखर मांडून ठेवली आहे. आपल्या घरचा तांब्या नेमका किती पाण्याचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांनी तांब्या बरोबर आणला असेल त्यांनी तो तेथे मोजून घ्यावा; मुली त्यावर रंगाने खूण करून देतील.