दाराशी येणारी मांजर

जिन्यात एखादी मांजर येऊन बसू लागली की घरातलं कुणीतरी लगेच बशीभर दूध पुढे करतं. पण पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, पोट बिघडतं. त्यापेक्षा वाटीभर स्वच्छ पाणी ठेवा. खायला उकडलेली मासळी द्या, काटे काढून, मीठमसाला न घालता. कालवणातला तुकडा मात्र नको. कांदा-लसणामुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसत्या दूधभातावरही तिचं भागत नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर नजर जाते, हृदय दुबळं होतं.

मैत्रीची घाई नको, उचलून घेणं तर नकोच. जमिनीवर बसा, तिच्याकडे बघत डोळे हळूच मिटा, हळूच उघडा. हसू येईल, पण इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली हे तपासून प्रसिद्ध केलं. असे डोळे मिटणाऱ्या माणसाकडे मांजरं अधिक सहज गेली.

कानाचं टोक सरळ छाटलेलं दिसलं, तर सहसा नसबंदी झालेली असते. गळ्यात पट्टा असेल तर आधी शेजारीपाजारी चौकशी करा, ती कुणाची तरी असेल.

आणि नख किंवा दात लागलाच, तर हळद दाबून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांना गाठा.