सातव्या पावलाची सोबत

(वांद्रे येथील एका कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वांद्र्याच्या पाली हिल परिसरातील एका रस्त्याला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचे अखेरचे वर्ष आठवत असेल? १९८० साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्याच सुमारास त्यांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गाठले. न्यूयॉर्कला उपचार झाले. ३ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. ‘मदर इंडिया’च्या चित्रीकरणात लागलेल्या आगीतून सुनील दत्त यांनी नर्गिसना बाहेर काढले, त्यात ते स्वतः भाजले आणि नर्गिसनी त्यांची शुश्रूषा केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९५८ साली ते दोघे विवाहबद्ध झाले. बावीस वर्षांनंतर शुश्रूषेची पाळी पतीवर आली. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाला आज नर्गिस यांचे नाव आहे, ते सर्वांना दिसते. मात्र त्या आजारपणातील एक लहानशी गोष्ट अधिक मोलाची आहे. रुग्णशय्येवरचे नर्गिस यांचे बोलणे ध्वनिफितींवर टिपून ठेवलेले होते. पुढे व्यसनमुक्तीचे उपचार घेत असताना त्यांच्या मुलाने, संजयने, त्या फिती ऐकल्या आणि आई गेल्यापासून अडून राहिलेले रडू तेव्हा फुटले. आजारी माणसाला काय म्हणायचे आहे, ते कोणीतरी ऐकून घेतले होते.

नर्गिस यांचा कर्करोग निराळा होता. आजचा विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आता हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला. मृत्यूचे भय प्रत्येक कर्करोगात असते. येथे त्याच्या जोडीला आणखी एक भय येते आणि ते स्त्री सहसा बोलून दाखवीत नाही. ज्या अवयवाने बाळाला पाजले, ज्याच्याशी आपल्या स्त्रीपणाची जाणीव जडलेली आहे, तो गेल्यावर नवऱ्याच्या नजरेत आपण कोण उरणार?

शासकीय वसाहतीतील किंवा साहित्य सहवासातील एखादे जोडपे डोळ्यांपुढे आणावे. वांद्र्याहून लोकल पकडायची, प्रभादेवीला उतरायचे आणि परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचायचे. मध्ये अवघी तीन स्थानके. ती महिलांच्या डब्यात, तो पुरुषांच्या. त्याच्या हातात तपासण्यांची जाडजूड फाइल आहे. विम्याचे कागद, सुटीचा अर्ज, रक्ताची सोय, सारे त्याने चोख केले आहे. आपला मराठी मध्यमवर्गीय नवरा या बाबतीत कमी पडत नाही, हे मान्यच करायला हवे. पण फलाटावर भेट होताच तो विचारतो, “बसायला जागा मिळाली ना?” आणि ती म्हणते, “मिळाली.” दोघांच्याही मनात दुसरेच काहीतरी असते. त्याने धीर सोडू नये म्हणून ती हसते. तिने खचू नये म्हणून तो विषय काढत नाही. एकमेकांवरच्या मायेपोटीच दोघे एकेकटे पडतात.

“तू फक्त मन खंबीर ठेव” हे वाक्य अशा घरांत फार ऐकू येते. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु त्यानंतर तिला “मला भीती वाटते” असे म्हणण्याची सोय राहात नाही. भीती वाटणे हाच जणू तिचा अपराध ठरतो!

शस्त्रक्रियेच्या निर्णयातही हेच घडते. “काढूनच टाका, ब्याद जाऊ दे,” असे घरातील वडीलधारे सांगतात आणि ती मान डोलावते. वस्तुतः अमेरिकेत आणि इटलीत वीस वीस वर्षे रुग्णांचा मागोवा घेऊन केलेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. लवकर निदान झालेल्या रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी आयुर्मान संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच राहते, असे त्यांत दिसून आले. प्रत्येकीला हा मार्ग लागू पडेल असे नाही. ते शल्यविशारदांनी ठरवायचे. पण हा प्रश्न दोघांनी मिळून त्यांना विचारला पाहिजे आणि अखेरचा शब्द तिचा असला पाहिजे.

मग पट्टी उघडण्याचा दिवस येतो. या दिवशी संसाराची खरी कसोटी लागते. तिला संकोच वाटू नये म्हणून नवरा तोंड फिरवतो. त्याच्या लेखी ती सभ्यता असते, तिला मात्र त्यात किळस दिसते. पुढे कित्येक महिने ती दार लावून कपडे बदलते आणि त्याचे काय चुकले, हे त्याला उमगतच नाही. “मी पाहू का?” एवढेच विचारावे. ती नको म्हणाली तर थांबावे, पण विचारायचे सोडू नये.

२०१८ साली लेखिका ताहिरा कश्यप यांच्या स्तनाच्या कर्करोगाचे निदान मुंबईत झाले. त्या वर्षी त्यांना करवा चौथचा उपवास करता येणार नव्हता, म्हणून त्यांचे पती, अभिनेते आयुष्मान खुराना यांनी तो केला आणि तळहातावर मेंदीने पत्नीच्या नावाचे आद्याक्षर रेखले. पुढच्या वर्षी कर्करोग दिनी ताहिरा यांनी पाठीवरचा व्रण दाखविणारे आपले छायाचित्र प्रसिद्ध केले. ते सर्वांना रुचले असेल असे नाही, रुचावेच असाही आग्रह नाही. परंतु त्या उपवासाकडे आपल्या वटसावित्रीच्या अंगाने पाहावे. पतीच्या प्राणांसाठी यमामागून चालत जाणारी सावित्री आपण पिढ्यान्पिढ्या पूजिली. पत्नीसाठी तसे चालणारा सत्यवान आपल्या व्रतवैकल्यांत कोठे आहे? सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यत्वाचे सांगितले आहे आणि सख्य काही एकाच बाजूने चालत नाही. २०२५ साली ताहिरा यांचा आजार पुन्हा उद्भवला. म्हणजे ही सोबत एका उपवासापुरती नव्हती.

नवऱ्यालाही कोठेतरी मोकळे व्हावे लागते. त्यासाठी भाऊ असावा, मित्र असावा. रात्री गॅलरीत एकट्याने येरझाऱ्या घालून ते साधत नाही.

काखेतील गाठी काढल्यावर त्या बाजूचा हात आखडतो, त्याला सूज येण्याचाही धोका असतो. सुरुवातीचे काही आठवडे पाण्याची बादली, पिळायचे कपडे आणि बाजारची पिशवी मुकाट्याने त्याने उचलावी. पुढे डॉक्टर व्यायाम सांगतात. त्यातला एक असा की, भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीच्या चालीने वर वर सरकवत न्यायची. पहिल्या दिवशी ती जेमतेम खांद्याच्या उंचीपर्यंत पोहोचतात आणि डोळ्यांत पाणी येते. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने शेजारी उभे राहावे आणि बोटे पोहोचली तेथे पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी. मुलांची उंची मोजताना दाराच्या चौकटीवर ओढायचो ना, तशीच.